पन्नासावं कुटुंब

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. या सदरात लिहिणारा प्रत्येक जण तेच सांगतो, आणि दर महिन्याला मी ते मोठ्यानं वाचून बायकोला म्हणतो, "बघ, आता दुसऱ्या परिच्छेदात याला पैंजण ऐकू येणार." ती म्हणते, "तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही. तुमच्या नशिबात कुठले पैंजण." खरं आहे. माझ्या गोष्टीत पैंजण नाहीत, पिंपळ नाही, अमावास्या तर बिलकुलच नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, चकल्यांच्या वासात झालं. आणि त्यात भीती वाटावी असं जे कोणी होतं ते... असो. पुढे येईलच.

साल छप्पन, महिना ऑक्टोबर. ग्वाल्हेरचं संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला त्याला आठ वर्षं झाली होती. ते नाव लोकांच्या तोंडी नुकतं कुठे बसत होतं, तेवढ्यात तेही मोडून मोठं मध्य प्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं. लष्कर भागातल्या मराठी घरांत दुसरा विषय नव्हता. कोणाचं खातं भोपाळला, कोणाचं इंदूरला, कोणाचं इथंच. आमच्या वडिलांची कचेरी इथंच राहणार होती. त्यामुळे ते सगळ्यांना धीर द्यायचे आणि सगळे त्यांच्यावर चिडायचे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. परगावी समाजकार्याच्या एम.ए.ला होतो. समाजकार्य म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात कोणाला कळलेलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "वसंता लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या अडचणी विचारतो." शेजारणी विचारायच्या, "आणि दूर करतो का?" आई म्हणायची, "ते बहुतेक दुसऱ्या वर्षाला आहे."

दुसऱ्या वर्षाला दुसरंच होतं. प्रत्येकानं वर्गात उभं राहून आपली संशोधनाची आवड सांगायची. एकीला अनाथाश्रमातून लग्न होऊन गेलेल्या मुलींचं पुढे काय होतं यात आवड होती. एकाला तुरुंगातून सुटलेल्या माणसांत होती. माझा दोस्त ओमप्रकाश बिर्ला नगरच्या गिरणी कामगारांच्या फुरसतीच्या वेळेवर काम करणार होता — स्वतःचा या विषयातला अनुभव दांडगा म्हणून. माझी पाळी आली तेव्हा, दीड वर्ष मेसचं जेवण जेवल्यावर, मला फक्त घरच्या वरणभाताची आवड उरली होती. म्हणून मी म्हणालो, "राज्यपुनर्रचनेमुळे घर हलवावं लागणारी सरकारी नोकरांची कुटुंबं. ग्वाल्हेर शहर."

आमच्या गाइड मालतीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "विषय तुझ्यापेक्षा मोठा आहे. पण चांगला आहे." ओमप्रकाश कानाशी पुटपुटला, "यार, तू तो माँ के हाथ का खाकर एम.ए. कर लेगा."

मालतीबाई मूळच्या पुण्याच्या. पन्नाशीच्या, एकट्या, चालायला इतक्या जलद की बरोबरच्याला धावावं लागे. त्यांचे दोन नियम होते. एक — प्रश्नावली, म्हणजे आमच्या भाषेत शेड्यूल, त्या घरी बसून, त्या माणसासमोर भरायचं. दोन — प्रत्येक घरी एक चिठ्ठी ठेवून यायची. चिठ्ठ्यांचं एक छोटं बुक असे. चिठ्ठीवर कुटुंबाचा अनुक्रमांक, तारीख आणि आपली सही. "त्यांनी सांगितलेलं सगळं आपल्याकडे राहतं," त्या म्हणायच्या, "मग आपण कोण होतो, हे त्यांच्याकडे नको का राहायला?"

मला पन्नास कुटुंबं करायची होती. एकोणपन्नास मी अगदी इमानदारीत केली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझ्याविषयी तुमचं मत बिघडणार आहे. बांधलेल्या ट्रंकांवर बसून, पोत्यांना टेकून मी लोकांना विचारलं. भोपाळचं पाणी बाधतं का हो, असं उलट मलाच विचारणारे भेटले. पन्नासाव्याच्या दारात गेलो तर कुलूप. आठ दिवसांपूर्वीच सामान उचलून गेले. यादीतलं दुसरं नाव घ्यायचं तर पार मुरारपर्यंत सायकल हाणायला हवी होती. ऊन असं की डांबर चिकटत होतं.

मी घरी आलो. तो गुरुवार होता. तीन वाजत आले होते. आई स्वयंपाकघरात शेगडीवर कढई ठेवून चकल्या तळत होती. मी पाट घेऊन शेगडीकडे पाठ करून बसलो, पन्नासावं शेड्यूल मांडीवर ठेवलं, आणि गरम चकली मोडत म्हणालो, "आई, मला एक कुटुंब पाहिजे."

"लग्न करून घे."

"तसं नाही. कागदावर."

तिला समजावून सांगितलं. आईला आधी ते पटलं नाही, पण दोन मिनिटांतच तिला त्यात मजा वाटायला लागली. समोर भिंतीवर खंडोबाच्या चित्राचं कॅलेंडर होतं, म्हणून नवऱ्याचं नाव खंडेराव. आडनाव जाधव, कारण ते कुठेही खपतं. नोकरी — दफ्तरी, कचेरीच्या कागदांचे बस्ते बांधणारा. रेकॉर्डाच्या पेट्यांबरोबर त्याला आधीच भोपाळला पाठवलेला. बायकोचं नाव सोनाबाई.

"मूल?" मी विचारलं.

"मुलगी दे एक. दहा वर्षांची. मंजुळा."

"सामान काय लिहू? दोन ट्रंका, एक खाट..."

"शिलाईचं मशीन दे तिला," आई झारा कढईवर आपटत म्हणाली. "नवरा गावाला गेलेला. बाईमाणसाच्या हाताशी काहीतरी नको?"

मशीन दिलं. पत्ता लिहिला — जयेंद्रगंजाच्या मागची बैठी ओळ, घर नंबर अकरा. त्या ओळीत मी सहा कुटुंबं केली होती. घरं दहाच होती, मला पक्कं माहीत होतं. नसलेल्या घराला कोणी खोटं ठरवू शकत नाही, हा माझा त्या वेळचा हिशेब. समाजकार्याच्या विद्यार्थ्याचं डोकं.

शेवटी रिमार्कचा रकाना होता. तो मालतीबाईंचा लाडका. तिथं आपलं स्वतःचं निरीक्षण लिहायचं. एकोणपन्नास शेड्यूलांत मी 'कुटुंब चिंतेत आहे' एवढंच लिहिलं होतं. वाटलं, एक तरी जोरदार होऊ दे. लिहिलं : 'दोन महिने पत्र नाही. पती भोपाळ येथे मृत. घरी अद्याप माहीत नाही.' आणि आईला वाचून दाखवलं.

आईचा हात थांबला. "अरे, मारतोस कशाला त्याला? दिवाळी तोंडावर आलीय. पोरगी आहे त्या घरात."

"आई, ते नाहीतच कोणी."

"नसू देत. आजारी कर. आजारी माणसाला औषध तरी देता येतं."

"बरं, आजारी करतो," मी मान मागे वळवून म्हणालो, 'मृत' खोडलं आणि वर 'आजारी' लिहिलं. मग पन्नास नंबरची चिठ्ठी भरली, बुकातून फाडली — बुकात राहिली असती तर पकडलो गेलो असतो — आणि शेगडीत टाकली. चिठ्ठीवर माझ्या अंगठ्याचा तेलकट, हळदीचा डाग पडला होता. तो आधी करपला. हे मी पाहिलं. आईनंही पाहिलं.

पुढच्या सोमवारी मालतीबाई तपासणीला ग्वाल्हेरला आल्या. संध्याकाळी आमच्या बैठकीत बसून त्यांनी एकेक शेड्यूल वाचलं. आईनं फराळाची ताटली ठेवली आणि ती दारामागे उभी राहिली. एकोणपन्नास कागद बाईंनी वाचून एकावर एक ठेवले. पन्नासावा वाचून मात्र चष्मा काढला.

"वसंत, याला केस म्हणतात. बाकीचं तू नुसतं मोजलंस. इथं तू पाहिलंस." मग, "हे खोडलेलं काय आहे?"

"चुकून... घाईत."

"मला या बाईंना भेटायचंय. उद्या सकाळी जाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा गाइडनं माझी तारीफ केली, आणि तीही अशी. दारामागे आईच्या बांगड्या वाजल्या तेवढंच. रात्री तिनं मला पानावर वाढताना विचारलं, "आता?" मी म्हणालो, "ओळीच्या टोकाला जाऊन दाखवतो. बंद भिंत बघून म्हणतो, गेले वाटतं भोपाळला." आई म्हणाली, "घर घेऊन?"

मंगळवारी अकराच्या सुमारास आम्ही त्या ओळीत शिरलो. बाई पुढे, मी मागे. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. नववं घर, दहावं घर. दहाव्याच्या पुढे एक भिंत होती आणि तिथं एक पिवळं कुत्रं बांधलेलं असायचं. त्याच्या भीतीनं मी आधी कधी त्या टोकापर्यंत गेलो नव्हतो. त्या दिवशी कुत्रं झोपलं होतं.

"इथं संपली ओळ," मी म्हणालो. "म्हणजे बाई, त्यांचं जायचं चाललंच होतं..."

"संपली कुठे? वळलीय," बाई म्हणाल्या आणि भिंतीच्या कडेनं वळल्या.

मागच्या बाजूला जुन्या पागेचा एक तुकडा होता. त्याला दार बसवून खोली केलेली. दाराशेजारी डांबरानं आकडा लिहिला होता. अकरा.

मला तेव्हा काय वाटलं हे लिहिता येत नाही. एवढं आठवतं की मी सायकलच्या दांडीला धरायला हात पुढे केला, आणि सायकल आणलेलीच नव्हती.

दार उघडंच होतं. तिशीची एक बाई उंबऱ्याशी आली. तिनं मालतीबाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "या भाऊसाहेब. बरं झालं आलात. चार दिवस झाले, रोज वाट बघते."

मालतीबाईंना यात काहीच वावगं दिसलं नाही. का दिसावं? त्या आत जाऊन ट्रंकेवर बसल्या. दुसऱ्या ट्रंकेवर एक मुलगी पाटी घेऊन बसली होती. बाईंनी प्रेमानं विचारलं, "नाव काय ग तुझं?"

"मंजुळा खंडेराव जाधव."

कोपऱ्यात खाट होती. खाटेपाशी शिलाईचं मशीन होतं आणि त्यावर अर्धवट शिवलेलं पोलकं. मी दारातच उभा राहिलो.

"बसा ना," सोनाबाई मला म्हणाली. "त्या दिवशीही बसला नाहीत. पाणी दिलं तर घेतलं नाहीत. उभ्या उभ्या सगळं लिहून घेतलंत."

"कोणत्या दिवशी?" मी विचारलं.

"गुरुवारी. तीनच्या सुमाराला. हिची शाळा सुटायच्या आधी. आता सुट्टी लागलीय तिला." आणि तिनं मशीनच्या खणातून एक कागद काढून मालतीबाईंना दिला. "हे देऊन गेलात की."

बाईंनी चिठ्ठी पाहिली आणि माझ्याकडे दिली. पन्नास नंबर. गुरुवारची तारीख. माझी सही, आमच्या शाळेतले मास्तर जिला 'मुंगी मेली' म्हणायचे ती. कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा, तेलकट डाग.

मी अंगठा त्यावर ठेवून पाहिला नाही. लोक मला पुढे म्हणाले, ठेवून बघायचा होतास. ते तिथं नव्हते.

"एक विचारू का?" सोनाबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "सगळे प्रश्न झाले. मग तुम्ही शेवटचं काहीतरी लिहीत होतात, आणि मधेच मान मागे वळवून, तिथं कोणी नसताना, म्हणालात — बरं, आजारी करतो. मी विचारलं, कोण आजारी? तुम्ही बोललाच नाहीत. चिठ्ठी ठेवलीत आणि निघून गेलात. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, भाऊसाहेब. दोन महिने यांचं पत्र नाही. कोण आजारी आहे?"

मालतीबाईंनी पिशवीतून शेड्यूल काढलं. रिमार्कचा रकाना वाचला. पुन्हा वाचला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वसंत, यांना माहीत नाही ते तुला कोणी सांगितलं?"

आता इथं मी खोटं बोलू शकलो असतो. कचेरीत ऐकलं, एवढं म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. माझी पदवी, वडिलांचे कष्ट, आईची शेजारणींतली इज्जत, सगळं त्या एका वाक्यानं वाचलं असतं. पण कचेरीत ऐकलं म्हटलं असतं तर ही बाई कचेरीत गेली असती, आणि कचेरीनं हात झटकले असते, आणि तो माणूस...

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी इथं आलोच नव्हतो, बाई. गुरुवारी मी घरी होतो. आईजवळ बसून हे सगळं मनानं लिहिलं. नावं, मशीन, सगळं. चिठ्ठी शेगडीत जाळली."

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात शेड्यूल धरून तसाच वर राहिला होता. मंजुळा पाटीवर लिहायची थांबली.

सोनाबाई मात्र हललीसुद्धा नाही. "कोणी लिहिलं आणि कुठं बसून लिहिलं, ते मला नको," ती म्हणाली. "लिहिलंय ते खरं आहे का, तेवढं सांगा."

"मला माहीत नाही."

"बाकीचं सगळं खरं आहे," ती म्हणाली. "मग ते एकच खोटं कसं असेल?"

आमच्या कॉलेजात शिकवलेलं होतं की कुटुंबाला कधी वचन द्यायचं नाही, त्यांच्या निर्णयात पडायचं नाही. शिकवलं होतं मालतीबाईंनीच. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुझ्या डिग्रीचं मी नंतर बघते. भोपाळची गाडी किती वाजता आहे?"

गाडी संध्याकाळची होती. मंजुळाला आमच्याकडे ठेवायचं ठरलं. मी तिला घेऊन घरी आलो तेव्हा आई दारातच होती. मुलीकडे तिनं पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंजुळा?" आईनं विचारलं. मी मान हलवली.

"मशीन होतं?"

"होतं."

आई उंबऱ्यावरच बसली. मग काही वेळानं उठून तिनं मुलीचे पाय धुतले, तिला जेवायला वाढलं, आणि माझ्या हातात चकल्यांचा डबा दिला. "त्याला तेलकट चालायचं नाही," म्हणाली. "तुम्हा तिघांना राहू दे." तो आजारी आहे, हे तिनं धरूनच टाकलं होतं. खोडलेला शब्द आम्ही दोघंही उच्चारत नव्हतो.

रात्रभर गाडीत मालतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. सोनाबाईनं एकदाच तोंड उघडलं. "भाऊसाहेब, त्या कागदावर काहीतरी खोडलंय. त्याखाली काय आहे?"

"स्पेलिंग चुकलं होतं," मी म्हणालो.

भोपाळला आधी कचेरीत गेलो. तिथला हेडक्लार्क पेट्यांच्या ढिगामागून म्हणाला, "जाधव? वो तो दो महीने से गायब है. ग्वालियर भाग गया होगा. तुम्हारे ग्वालियर वालों का यहाँ जी नहीं लगता." इतक्यांनी खरंच पळ काढला होता की त्याला दोष तरी कसा द्यायचा. मग दवाखाने. पहिल्या दवाखान्यात त्या नावाचं कोणी नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं, पण तिथल्या नर्सनं विचारलं, नाव नसलेला चालेल का? दोन महिन्यांपूर्वी स्टेशनाबाहेर तापात पडलेला एक माणूस लोकांनी आणून टाकला होता. खिशात कागद नाही. शुद्ध येई आणि जाई, पण बोलणं लागत नव्हतं.

लांब वॉर्ड होता. शेवटच्या खाटेवर अंगावर पांघरूण घेऊन कोणी निजलं होतं. नुसते पाय बाहेर. सोनाबाई पाच-सहा खाटा अलीकडेच थांबली. मला वाटलं, तिला पुढे जायचं धैर्य होत नाही. ती म्हणाली, "तेच आहेत. डाव्या पायाचा अंगठा बघा, बस्ता पडून चेपलेला." आणि मग ती धावली.

जिवंत होता. हाडं तेवढी राहिली होती, पण जिवंत होता. बायकोला ओळखून त्यानं पहिलं वाक्य विचारलं ते, "सामान बांधलंस का?"

आम्ही दोघं बाजूला उभे होतो. नर्स मालतीबाईंना सांगत होती की हा वाचेल असं वाटलं नव्हतं. "गुरुवार को तो गया ही समझो. डॉक्टर साहब ने देख लिया, रजिस्टर में लिखने भी लगे. और इसने पानी माँग लिया. लिखा हुआ काटना पड़ा."

"किती वाजता?" बाईंनी मराठीतच विचारलं. नर्सला कळलं.

"तीन... सवा तीन. चाय का टाइम था."

तिनं रजिस्टर उघडून ती ओळ दाखवली. एक शब्द लिहिलेला, त्यावर आडवी रेघ, आणि वर दुसरा शब्द. मालतीबाईंनी वाकून वाचलं. मी नुसता तो आकार पाहिला आणि वॉर्डाच्या बाहेर जाऊन भिंतीला टेकलो.

परतीच्या गाडीत मी आणि बाई दोघंच होतो. झाशी गेल्यावर त्या बोलल्या. "पन्नासावं कुटुंब प्रबंधातून काढ. एकोणपन्नासांवर लिही. आणि त्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं, प्रत्येक उत्तर पुन्हा तपासायचं. भोपाळला गेले असतील तर भोपाळला."

"का काढलं म्हणून काय लिहू?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "लिही, की संशोधकाला या कुटुंबाची माहिती कशी मिळाली हे सांगता येत नाही. खोटं तर नाही ना ते?"

माझं एक वर्ष गेलं. ओमप्रकाश वेळेत पास झाला. कामगारांना फुरसतच नसते असा निष्कर्ष त्यानं काढला आणि त्याला प्रथम श्रेणी मिळाली. मालतीबाईंनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. मात्र त्यांच्या पुढच्या बॅचेसना त्या सांगायच्या म्हणे, की घरी बसून शेड्यूल भरू नका. मुलं विचारायची, पकडले जाऊ म्हणून? त्या म्हणायच्या, "त्याहून वाईट."

आईला मी एकदा विचारलं होतं, हे काय असेल ग? ती म्हणाली, "मला कशाला विचारतोस. मी फक्त सोऱ्या फिरवत होते."

मी स्वतः पुष्कळ डोकं चालवलं. त्या ओळीत सहा घरं केली होती. कोणाच्या तरी बोलण्यात सोनाबाई, मशीन, भोपाळ हे कानावर पडलं असेल, मनात राहिलं असेल. हे मी स्वतःला पटवू शकतो. ती गुरुवारी उन्हात कोणाला तरी पाहून फसली असेल, हेही कसंबसं. पण चिठ्ठी? आणि माझ्या स्वयंपाकघरात मी आईला दिलेलं उत्तर तिनं ऐकलं ते? आणि ती सव्वातीनची वेळ? तिथं माझी गाडी थांबते. चोवीस वर्षं थांबलेलीच आहे.

खंडेराव बरा झाला, भोपाळला पुष्कळ वर्षं नोकरी करून निवृत्त झाला. दर दिवाळीला त्यांचं पत्र येतं. मी एका सरकारी खात्यात लागलो. सत्तेचाळिसाव्या वर्षीही माझं काम फॉर्म भरणं आणि भरून घेणं हेच आहे. कोणाच्या नावापुढे 'मयत' लिहायचं असलं की मी आधी स्वतः जाऊन खात्री करून येतो. हाताखालचे कारकून हसतात. साहेब स्वतःच्या निवृत्तीच्या आधी मला प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट देणार आहेत. घेईन. पण मी प्रामाणिक नाही, मी भितो.

पन्नासावं शेड्यूल अजून माझ्याकडे आहे, दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी, लोखंडी ट्रंकेत तळाशी. त्यात शेवटच्या पानावर दोन प्रश्न रिकामे राहिलेत. त्या दिवशी चकली खाण्याच्या नादात मी ते भरलेच नव्हते. एक — 'कुटुंबाच्या भवितव्याविषयी अपेक्षा.' दुसरा — 'मुलांविषयी अपेक्षा.'

गेल्या महिन्यात मंजुळा आली होती. आता तिची स्वतःची दोन मुलं आहेत. धाकट्याच्या हृदयाला जन्मापासून काहीतरी आहे. दिल्लीला ऑपरेशन करायचं ठरलंय. डॉक्टर बरं होईल म्हणतात, पण म्हणताना तिच्याकडे बघत नाहीत. जेवणं झाली, बायको आत गेली. मंजुळानं बशीतली सुपारी बोटानं इकडेतिकडे केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, तो कागद आहे का हो अजून?"

मी म्हणालो, वाळवी लागली होती, केव्हाच टाकला.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "असता तर बरं झालं असतं." आणि सुपारी तशीच ठेवून उठली.

त्यानंतर दोनदा मी तो कागद ट्रंकेतून काढला, टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण उघडलं. काय लिहायचं ते मला माहीत आहे. एकच शब्द आहे. पण माझा हात तोच आहे, ज्यानं पहिल्यांदा चुकीचा शब्द लिहिला होता. आणि या वेळी पाठीमागून सांगायला आई नाही.